थीम दुसऱ्याची, बदल आपले : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याची आहेत, त्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या मोफत प्रणालीवरील संकेतस्थळाच्या थीममध्ये, म्हणजे त्याचे रंगरूप व मांडणी ठरवणाऱ्या फायलींच्या संचात, गरजेपोटी किंवा हौसेने बदल करावेत आणि पुढच्या अपडेटला ते सगळे धुऊन निघावेत, असा अनुभव अनेकांनी कळवला आहे. उत्तरे वाचण्याआधी एक सूचना. फायलींची व फंक्शनांची (ठरावीक काम करणाऱ्या संहितेच्या, म्हणजे कोडच्या, तुकड्यांची) नावे येथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, 'डॉट' या शब्दाच्या जागी टिंब आणि 'अंडरस्कोर' या शब्दाच्या जागी खालची रेघ (_) देऊन लिहायची आहेत.

प्रश्न : आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. 'ट्वेंटी सेव्हन्टीन' ही थीम वापरतो. पानाच्या तळाशी वर्डप्रेसचे नाव सांगणारी इंग्रजी ओळ होती, ती काढून तेथे वाचनालयाचा पत्ता आणि उघडण्याच्या वेळा घातल्या, शीर्षकांचा आकारही कमी केला. हे सर्व डॅशबोर्डमधील (साइटच्या व्यवस्थापन-पानांतील) थीम फाइल एडिटरमधून केले. मागच्या आठवड्यात थीम आपोआप अपडेट झाली आणि सारे पूर्ववत झाले. केलेले काम परत मिळेल का? यापुढे अपडेट बंदच ठेवावे का? (वाचनालयाचे कार्यवाह, सांगली जिल्हा)

उत्तर : प्रथम नेमके काय घडले ते पाहू. थीम अपडेट होते तेव्हा वर्डप्रेस आपल्या फायलीत कोणत्या ओळी बदलल्या आहेत ते तपासत बसत नाही. थीमचे जुने फोल्डर संपूर्ण काढून टाकते आणि त्या जागी नव्या आवृत्तीचे फोल्डर ठेवते. आपण टंकलेला पत्ता आणि वेळा त्या जुन्या फोल्डरबरोबर गेल्या. लेख, पाने, प्रतिक्रिया ही सामग्री डेटाबेसात, म्हणजे फायलींहून वेगळ्या माहितीसाठ्यात, असल्यामुळे तिला धक्का लागला नाही. एडिटरमधून केलेला बदल मात्र फक्त त्या फायलीत असतो, त्याची दुसरी नोंद कोठेही होत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून थीमचे आपोआप अपडेट एका टिचकीने सुरू करता येते, तेव्हापासून हा अपघात आपण झोपेत असतानाही होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाने स्वतः एका शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळावर हाच उद्योग केला होता आणि सकाळी मुखपृष्ठ पाहून कपाळाला हात लावला होता, तेव्हा आपल्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

परत मिळण्याची शक्यता होस्टिंग कंपनीच्या (जिच्या संगणकावर साइट ठेवली आहे तिच्या) बॅकअपवर अवलंबून आहे. त्यांच्याकडे अपडेटच्या आधीच्या तारखेची प्रत असेल, तर ती मागताना एक गोष्ट स्पष्ट लिहावी: संपूर्ण संकेतस्थळ मागे न्यायचे नसून, जुन्या तारखेचे फक्त थीमचे फोल्डर वेगळ्या जागी काढून हवे आहे. अन्यथा मधल्या दिवसांत टाकलेल्या सूचना आणि लेख गमावून बसाल. ते फोल्डर हाती आले की त्याच क्रमांकाची मूळ, न बदललेली आवृत्ती वर्डप्रेसच्या अधिकृत थीमसंग्रहातून उतरवून घ्यावी आणि विनमर्ज किंवा मेल्ड यांसारख्या मोफत प्रोग्रामने दोन्ही फोल्डरांची तुलना करावी. आपण बदललेल्या ओळी रंगवून दाखवल्या जातात. काही वर्षांत काय काय बदलले होते हे आठवणीवर सोडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी भरवशाचा आहे. तुलना मात्र त्याच क्रमांकाच्या आवृत्तीशी करावी. नव्या आवृत्तीशी केली, तर आपले बदल आणि निर्मात्यांचे बदल यांची खिचडी होते.

अपडेट बंद ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. थीमच्या नव्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या असू शकतात आणि वर्डप्रेस जिच्यात लिहिले आहे त्या पीएचपी या संगणकभाषेची नवी आवृत्ती आल्यावर लागणारे फेरफारही तिच्यातूनच येतात. आज अपडेट थांबवले तर दोन वर्षांनी होस्टिंग कंपनी पीएचपी बदलेल तेव्हा साइटच कोलमडण्याची भीती राहते.

योग्य उपाय म्हणजे चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर विसंबून फक्त आपले बदल वेगळे ठेवणारी थीम. मूळ थीमच्या शेजारी, म्हणजे 'डब्ल्यूपी-कंटेंट' मधील 'थीम्स' या फोल्डरात, आपले एक नवे फोल्डर करायचे आणि त्यात स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल ठेवायची; रंग, आकार, अंतरे यांचे नियम सीएसएसमध्ये लिहितात. या फाइलीच्या माथ्यावरच्या टिपणात दोन ओळी पुरतात: एक आपल्या थीमचे नाव सांगणारी आणि दुसरी 'टेम्प्लेट' या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव देणारी. पुष्कळांची गाडी या दुसऱ्या ओळीवर अडते. तेथे थीमचे डॅशबोर्डमध्ये दिसणारे नाव चालत नाही; फोल्डरचे नाव अक्षर न् अक्षर जसेच्या तसे लागते. 'ट्वेंटी सेव्हन्टीन' या थीमच्या फोल्डरच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही आणि सगळी अक्षरे लहान आहेत. येथे चूक झाली तर मूळ थीम सापडत नाही, अशी तक्रार वर्डप्रेस करते.

चाइल्ड थीम सुरू केल्यावर साइट एकदम उघडीबोडकी, रंगरूप उतरलेली दिसली तर घाबरू नये. 'ट्वेंटी सेव्हन्टीन' ही थीम 'सध्या चालू असलेल्या थीमची' स्टाइल फाइल मागते आणि आता चालू थीम म्हणजे आपली चाइल्ड थीम असल्यामुळे आपली जवळजवळ रिकामी फाइल तिच्या हाती पडते. म्हणून चाइल्ड थीममध्ये फंक्शन्स डॉट पीएचपी ही फाइल करून, तिच्यातून मूळ थीमची स्टाइल फाइल वेगळी लावून घ्यावी लागते. चाइल्ड थीमची फंक्शन्स फाइल मूळ थीमच्या आधी वाचली जाते, त्यामुळे मूळची स्टाइल आधी आणि आपली नंतर असा क्रम आपोआप लागतो. दोन्हींत एकाच तोलाचे नियम असतील तेव्हा नंतरचा नियम चालतो. जुन्या लेखांतून स्टाइल फाइलीच्या आत 'इम्पोर्ट' करण्याची युक्ती सांगितलेली आढळते. तिने पान उमटायला विलंब होतो, ती सोडून द्यावी.

आता आपला तळपट्टा, म्हणजे पानाच्या तळाचा भाग. या थीममध्ये ती इंग्रजी ओळ फूटर डॉट पीएचपी या फाइलीत नाही. ती 'टेम्प्लेट-पार्ट्स' फोल्डरातील 'फूटर' या उपफोल्डरात, साइट-इन्फो डॉट पीएचपी या फाइलीत आहे. चाइल्ड थीममध्ये हीच उतरंड जशीच्या तशी उभी करून तेवढी एक फाइल तेथे नकलावी आणि त्या नकलेत आपला पत्ता घालावा. वर्डप्रेस टेम्प्लेट, म्हणजे पानाचा सांगाडा ठरवणारी फाइल, शोधताना आधी चाइल्ड थीममध्ये डोकावते, तेथे नसेल तरच मूळ थीमकडे वळते. एखाद्या उपफोल्डराचे नाव चुकले तर आपली नक्कल जागच्या जागी पडून राहते आणि साइटवर मूळचाच तळपट्टा दिसत राहतो. शीर्षकांच्या आकारासाठी कोणतीही फाइल नकलण्याची गरज नाही. चाइल्ड थीमच्या स्टाइल फाइलीत दोन-तीन ओळी लिहिल्या की काम होते.

येथे एक सांगणे अगत्याचे आहे, कारण चाइल्ड थीमची महती गाणारे सहसा ते सांगत नाहीत. नकललेली फाइल अपडेटपासून सुरक्षित राहते, याचाच दुसरा अर्थ असा की अपडेटमधील सुधारणाही त्या फाइलीपर्यंत कधी पोहोचत नाहीत. उदाहरण याच साइट-इन्फो फाइलीचे घेऊ. ही थीम डिसेंबर २०१६ मध्ये वर्डप्रेस ४.७ बरोबर आली. मे २०१८ मध्ये युरोपचा माहिती-संरक्षणाचा नियम लागू होण्याच्या सुमारास वर्डप्रेस ४.९.६ मध्ये गोपनीयता धोरणाच्या पानाची सोय झाली आणि त्या पानाचा दुवा थीमच्या याच फाइलीत घालण्यात आला. ज्यांनी २०१७ मध्ये ही फाइल आपल्या चाइल्ड थीममध्ये नकलली होती, त्यांनी पुढे थीम कितीही वेळा अपडेट केली तरी तो दुवा त्यांच्या तळपट्ट्यात उगवला नाही. साइट बिघडली नाही आणि कोणतीही सूचनाही आली नाही. फाइल नकलणे म्हणजे ती दत्तक घेणे होय. तिचे पुढचे संगोपन मूळ निर्मात्यांकडून आपल्याकडे येते. म्हणून जेथे सीएसएसच्या चार ओळींनी भागते तेथे टेम्प्लेट नकलू नये, जेथे एका छोट्या भागाची नक्कल पुरते तेथे हेडर किंवा फूटर सबंध उचलू नये, आणि जे नकलले त्याची यादी, मूळ आवृत्तीच्या क्रमांकासह, चाइल्ड थीमच्याच फोल्डरात एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवावी. मूळ थीमचे मोठे अपडेट आले की त्या यादीतील फायली तुलना करून पाहाव्यात. यादीत चार नावे असतील तर चहा निवेपर्यंत काम संपते, आणि चाळीस असतील तर ते कोणीही करत नाही.

प्रश्न : आपण पूर्वी सुचवल्याप्रमाणे चाइल्ड थीम केली आणि सुरू केली, परंतु मंडळाचा लोगो, वरचे मोठे छायाचित्र, आम्ही निवडलेला रंग आणि 'ॲडिशनल सीएसएस' मध्ये लिहिलेले सर्व काही नाहीसे झाले. गंमत म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे छोटे चिन्ह मात्र जागेवर आहे. सगळे पुन्हा करावे लागणार का? (सांस्कृतिक मंडळाच्या कार्यकर्त्या, पुणे)

उत्तर : काहीही नाहीसे झालेले नाही. मूळ थीम पुन्हा सुरू करून पाहिलीत तर लोगो, छायाचित्र आणि रंग जसेच्या तसे परत दिसतील. कस्टमायझरमधील (डॅशबोर्डमधून थीमचे रूप बदलण्याच्या सोयीतील) बहुतेक निवडी डेटाबेसात त्या त्या थीमच्या फोल्डरच्या नावाने वेगवेगळ्या नोंदवल्या जातात. आपली चाइल्ड थीम ही वर्डप्रेसच्या लेखी वेगळ्या नावाची, कालच जन्मलेली थीम आहे, त्यामुळे तिच्या खात्यात अजून काही जमा नाही. 'ॲडिशनल सीएसएस' हेही ४.७ पासून डेटाबेसात, पण थीमनिहाय साठवले जाते; म्हणूनच ते थीमच्या अपडेटला टिकते आणि थीम बदलली की दिसेनासे होते. टॅबवरील चिन्ह, साइटचे नाव आणि घोषवाक्य या मात्र सबंध साइटच्या निवडी आहेत, थीमच्या नाहीत; म्हणून त्या शाबूत राहिल्या.

निवडी मोजक्या असतील तर मूळ थीम क्षणभर सुरू करून त्या कागदावर टिपून घ्याव्यात, सीएसएसचा मजकूर कॉपी करून ठेवावा आणि मग चाइल्ड थीमवर परत येऊन पुन्हा भराव्यात. निवडी पुष्कळ असतील तर कस्टमायझरच्या सेटिंग्जची निर्यात आणि आयात करणारे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्राम, वापरता येते. हा उद्योग दिवसाच्या वर्दळीत करू नये, कारण मधली काही मिनिटे पाहुण्यांना अर्धवट सजलेले घर दिसते. नव्याने साइट उभारणाऱ्यांनी रंग-लोगोला हात लावण्याआधीच चाइल्ड थीम सुरू करावी, म्हणजे ही फेरी वाचते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. 'ट्वेंटी सेव्हन्टीन' च्या 'इन्क' फोल्डरातील टेम्प्लेट-टॅग्ज डॉट पीएचपी ही फाइल चाइल्ड थीममध्ये त्याच मार्गावर नकलली, तरी बदल दिसत नाही. चिडून मूळची फंक्शन्स डॉट पीएचपी सबंध नकलली, तर साइटच बंद पडली. टेम्प्लेट चालते आणि ही फाइल का चालत नाही? (अमरावती)

उत्तर : चाइल्ड थीममध्ये आधी शोधण्याचा नियम टेम्प्लेटांना लागू आहे, थीममधील प्रत्येक फाइलीला नाही. सिंगल, पेज, हेडर, फूटर यांसारखी टेम्प्लेटे आणि त्यांचे भाग वर्डप्रेस स्वतः शोधून काढते, म्हणून तेथे चाइल्ड थीमला अग्रमान मिळतो. 'इन्क' मधील फाइल मात्र मूळ थीमची फंक्शन्स फाइल स्वतः ओढून घेते, आणि घेताना 'मूळ थीमच्या फोल्डरातील' असा स्पष्ट पत्ता देते. आपली नक्कल त्या पत्त्यावर नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

फंक्शन्स फाइलीची गोष्ट त्याहून निराळी आहे. चाइल्ड थीमची फंक्शन्स फाइल मूळच्या जागी येत नाही, ती तिच्या जोडीला येते आणि आधी वाचली जाते. आपण सबंध नक्कल ठेवल्यामुळे तीच फंक्शने आधी आपल्या फाइलीत आणि मग मूळ फाइलीत, अशी दोनदा घोषित झाली. एकाच नावाचे फंक्शन दुसऱ्यांदा आले की पीएचपी तेथल्या तेथे थांबते. साइट परत उभी करण्यासाठी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून चाइल्ड थीममधील त्या फाइलीचे नाव तात्पुरते बदलावे. मे २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून अशा वेळी प्रशासकाच्या ईमेलवर दुरुस्तीसाठी प्रवेश देणारा दुवाही पाठवला जातो. तो आला आहे का, तेही पाहावे.

आपल्याला हवे ते साधण्याची वाट याच दोन गोष्टींतून निघते. टेम्प्लेट-टॅग्ज फाइलीत लेखाची तारीख आणि लेखकाचे नाव छापणारे 'ट्वेंटीसेव्हन्टीन अंडरस्कोर पोस्टेड अंडरस्कोर ऑन' हे फंक्शन आहे. त्याच्याभोवती 'या नावाचे फंक्शन आधीच अस्तित्वात नसेल तरच' अशी अट घातलेली आहे. आपली फंक्शन्स फाइल आधी वाचली जात असल्यामुळे तिच्यात त्याच नावाचे आपले फंक्शन लिहिले, तर मूळ थीम ते पाहून स्वतःचे मागे घेते. निर्मात्यांनी मुद्दाम ठेवलेला हा दरवाजा आहे. जेथे अशी अट नाही तेथे फंक्शन पुन्हा लिहू नये. थीमने कोणत्या हुकला (आपले फंक्शन जोडण्यासाठी वर्डप्रेसने ठेवलेल्या ठिकाणाला) काय जोडले आहे ते वाचावे, गरज पडल्यास ते आपल्या फाइलीतून सोडवावे आणि आपले जोडावे. सोडवताना घाई चालत नाही. आपली फाइल आधी वाचली जाते तेव्हा मूळ थीमने अजून काही जोडलेलेच नसते, त्यामुळे सोडवण्याची आज्ञा थीमची मांडणी पूर्ण झाल्यानंतरच्या हुकवर टांगावी लागते.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाच्या साइटवर तारखेतील महिना मराठीत येतो, पण आकडे इंग्रजी येतात. ते देवनागरीत हवे आहेत. टेम्प्लेट बदलत बसायचे म्हटले तर तारीख दहा ठिकाणी आहे. शिवाय शीर्षकांची शिरोरेषा मध्येमध्ये तुटलेली दिसते. (पणजी)

उत्तर : दहा टेम्प्लेटे नकलण्याचे कारण नाही. तारीख छापण्याआधी वर्डप्रेस ती 'गेट अंडरस्कोर द अंडरस्कोर डेट' या फिल्टरमधून, म्हणजे जाता जाता मजकूर बदलू देणाऱ्या हुकमधून, जाऊ देते. तेथे शून्य ते नऊ या इंग्रजी आकड्यांच्या जागी देवनागरी आकडे ठेवणारे चार ओळींचे फंक्शन लावले की काम होते. मात्र एक खाच आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. अनेक थीम वाचकासाठी एक तारीख छापतात आणि त्याच जागी, पानाच्या संहितेत, यंत्रांसाठी ठरावीक साच्यातील दुसरी तारीख ठेवतात. ती शोधयंत्रे वाचतात. सरसकट आकडे बदलले तर ही यंत्रांची तारीखही देवनागरी होते आणि त्यांना ती कळेनाशी होते. पान मात्र आपल्याला अगदी ठाकठीक दिसते. म्हणून फंक्शनने फिल्टरकडून तारखेबरोबर तिचा साचाही मागून घ्यावा आणि साचा रिकामा असेल, म्हणजे साइटच्या नेहमीच्या पद्धतीने तारीख मागितली असेल, तेव्हाच आकडे बदलावेत. फिल्टर जोडताना शेवटी 'दोन' हा आकडा द्यावा लागतो, म्हणजे दोन गोष्टी फंक्शनपर्यंत येतात. तो विसरला की साचा पोहोचतच नाही.

हे फंक्शन चाइल्ड थीममध्ये ठेवू नये, असे माझे मत आहे. देवनागरी आकडे ही आपल्या साप्ताहिकाची पद्धत आहे, थीमची नव्हे. उद्या थीम बदलली तरी ती राहिली पाहिजे. त्यासाठी एक-फाइली प्लगइन करावे. माथ्यावर प्लगइनचे नाव सांगणारे टिपण, त्याखाली हे फंक्शन, एवढ्यात ते तयार होते. 'एमयू-प्लगइन्स' या फोल्डरात ठेवले तर डॅशबोर्डमधून कोणी चुकून बंदही करू शकत नाही.

शिरोरेषा तुटण्याचे कारण थीमच्या सीएसएसमधील अक्षरांतील अंतर हे असते. रोमन मोठ्या अक्षरांच्या शीर्षकांना ते शोभते म्हणून थीमकार ते सर्रास घालतात. देवनागरीत त्याने रेघेत फटी पडतात. चाइल्ड थीमच्या स्टाइल फाइलीत शीर्षकांसाठी हे अंतर शून्य करावे, ओळींमधील उंची थोडी वाढवावी, म्हणजे वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत, आणि साइटची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी ठेवली आहे याची खात्री करावी. फाँट देवनागरीसाठी घडवलेलाच घ्यावा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' मोफत आहे आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

प्रश्न : आंबा आणि कोकम उत्पादनांच्या आमच्या दुकानासाठी वूकॉमर्स हे ऑनलाइन विक्रीचे प्लगइन वापरतो. चाइल्ड थीममध्ये 'वूकॉमर्स' फोल्डर करून एका जाणकाराने काही टेम्प्लेटे बदलून दिली होती. आता टेम्प्लेटे जुनी झाल्याचा इशारा दिसतो. (रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या उत्तरात सांगितलेल्या दत्तकविधानाचेच हे बिल आहे, फरक इतकाच की वूकॉमर्स ते निदान पाठवते. त्याच्या प्रत्येक टेम्प्लेटच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो आणि आपल्या नकलेवरचा क्रमांक मागे पडला की 'स्टेटस' या पानाच्या तळाशी त्या फाइलीचे नाव झळकते. तो क्रमांक हाताने वाढवून इशारा बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्याने इशारा जातो आणि जुनी संहिता तशीच राहते. प्लगइनच्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरातील ताजी फाइल घ्यावी, जुन्या नकलेत आपले काय होते ते तुलना करून शोधावे आणि तेवढेच ताज्या फाइलीत पुन्हा घालावे. हे आधी साइटच्या चाचणी-प्रतीवर करून एक खोटी खरेदी शेवटपर्यंत करून पाहावी, कारण चेकआउटचे टेम्प्लेट जुने राहिल्यास गिऱ्हाईक पैसे भरण्याच्या पायरीवर अडते. बदल फक्त 'घरपोच दोन दिवसांत' अशी एखादी ओळ वाढवण्याचा असेल, तर चाइल्ड थीममधील ती नक्कल पुसून टाकून तेच हुकने करावे. वूकॉमर्सच्या टेम्प्लेटांत हुक जागोजागी पेरलेले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या साइटवर नवी ब्लॉक थीम आहे. तिच्यात फूटर डॉट पीएचपी सापडतच नाही. साइट एडिटरमधून तळपट्टा बदलला आहे. तो पुढच्या अपडेटला जाईल का? चाइल्ड थीम करावी का? (मुख्याध्यापिका, चिपळूण)

उत्तर : जाणार नाही. जानेवारी २०२२ मधील ५.९ या आवृत्तीपासून, 'ट्वेंटी ट्वेंटी-टू' या थीमबरोबर, ब्लॉक थीमचे युग सुरू झाले. त्यांची टेम्प्लेटे एचटीएमएल फायलींत असतात आणि साइट एडिटरमध्ये केलेला बदल त्या फाइलीत न जाता डेटाबेसात साठतो. पान दाखवताना डेटाबेसातील प्रतीला मान दिला जातो. फोल्डर बदलले तरी आपला तळपट्टा शाबूत राहतो. दत्तकविधान येथेही चुकत नाही: थीमकारांनी तळपट्टा सुधारला तर आपण जुन्यावरच राहता. नवा पाहायचा असल्यास साइट एडिटरमध्ये त्या टेम्प्लेटवरचे बदल पुसण्याची सोय आहे, पण आपला मजकूर आधी दुसरीकडे उतरवून ठेवावा.

आपल्याला आज चाइल्ड थीमची गरज दिसत नाही. उलट घाईने केलीत तर साइट एडिटरमधील सगळे बदल अदृश्य होतील, कारण तेही थीमच्या नावाशी बांधलेले असतात. पुढे अनेक शाळांसाठी तीच मांडणी लागली, तर 'क्रिएट ब्लॉक थीम' हे प्लगइन डेटाबेसातील बदल फायलींत उतरवून त्यांची स्वतंत्र किंवा चाइल्ड थीम करून देते.

प्रश्न : आमच्या संस्थेसाठी एका स्थानिक व्यावसायिकाने संपूर्ण थीम स्वतः लिहून दिली होती, कोणत्याही थीमची नक्कल नव्हती. तरी एक दिवस 'अपडेट उपलब्ध' असे दिसले, आम्ही ते केले आणि भलतीच थीम अवतरली! (नाशिक)

उत्तर : त्या व्यावसायिकाने फोल्डराला दिलेले नाव अधिकृत संग्रहातील एखाद्या थीमच्या नावाशी जुळले असणार. वर्डप्रेस थीमला फोल्डरच्या नावाने ओळखते आणि त्या नावाची वरच्या क्रमांकाची आवृत्ती संग्रहात दिसली की तीच आपले अपडेट समजते. बॅकअपमधून थीम परत आणल्यावर फोल्डराला संस्थेच्या नावावरून सहसा दुसऱ्याला न सुचणारे नाव द्यावे. नाव बदलल्यावर कस्टमायझरच्या निवडी पुन्हा भराव्या लागतील, त्याचे कारण पुण्याच्या पत्राच्या उत्तरात आले आहे. नाव बदलणे शक्य नसेल तर स्टाइल फाइलीच्या माथ्यावर 'अपडेट यूआरआय' ही ओळ घालून तिच्यापुढे आपल्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून थीमसाठीही ही ओळ मानली जाते, आणि ती असली की अधिकृत संग्रहातील नामसाधर्म्याची थीम आपल्या थीमच्या जागी येऊन बसत नाही.